बिगर-खेळाडू पात्रे आणि 'जिवंतपणा'चा निकष

१

'व्यक्तिरेखा जिवंत उतरली आहे' हे आपल्या समीक्षेतील अत्यंत रुळलेले आणि क्वचितच तपासले गेलेले विधान आहे. परीक्षण कादंबरीचे असो वा नाटकाचे, पात्रे हाडामांसाची वाटतात की कळसूत्री बाहुल्या वाटतात एवढे सांगितले, की व्यक्तिचित्रणाची चर्चा संपली असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकावर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नव्हे. ए. सी. ब्रॅडलीने १९०४ साली शेक्सपिअरच्या पात्रांची मीमांसा त्यांना जणू संहितेबाहेरही आयुष्य आहे अशा रीतीने केली. १९३३ साली एल. सी. नाइट्सने लेडी मॅक्बेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न शीर्षकातच विचारून त्या पद्धतीची टर उडवली. प्रॉपने १९२८ मध्येच परीकथेतील पात्रे कार्यांमध्ये विरघळवून टाकली होती आणि संरचनावाद्यांनी पुढे तो मार्ग राजमार्ग केला. तरीही 'जिवंत' हा शब्द काही गेला नाही. विद्यापीठीय प्रबंधांतून तो हद्दपार झाला, तरी वाचनाच्या अनुभवात तो शाबूत राहिला. आणि जो शब्द अनुभवात टिकतो त्याला केवळ पारिभाषिक कारणांसाठी काढून टाकता येत नाही.

या जुन्या वादाला गेल्या पन्नास वर्षांत एक अनपेक्षित प्रयोगशाळा लाभली आहे. ती म्हणजे संगणकावरील भूमिकाप्रधान खेळ. या खेळांत एक पात्र खेळाडूच्या हाती असते. उरलेली सर्व, म्हणजे दुकानदार, पहारेकरी, भिकारी, पुरोहित, शत्रू, सोबती, यंत्र चालवते. त्यांना 'नॉन-प्लेअर कॅरेक्टर' किंवा संक्षेपाने 'एनपीसी' म्हणतात. येथे 'बिगर-खेळाडू पात्र' असा शब्द योजला आहे. नावातच नकार आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. ही पात्रे काय आहेत हे नाव सांगत नाही, काय नाहीत तेवढेच सांगते. अॅलेक्स वोलोकने 'द वन व्हर्सेस द मेनी' (२००३) या ग्रंथात कादंबरीतील दुय्यम पात्रांना कादंबरीचा श्रमिकवर्ग मानले. ही उपमा कोठे अक्षरशः लागू पडत असेल तर येथे.

कादंबरीकाराला आपले पात्र जिवंत आहे असे वाटले तर तेवढ्यावर भागते. या खेळांच्या कर्त्यांना मात्र 'जिवंत' म्हणजे नेमके काय, हे यंत्राला समजेल अशा सूचनांत लिहावे लागले. साहजिकच या खेळांचा इतिहास हा 'जिवंतपणा'च्या एकामागून एक केलेल्या व्याख्यांचा इतिहास झाला आहे. तो प्रायः प्रगतीच्या कथेसारखा सांगितला जातो: आधी पात्रे मठ्ठ होती, मग हुशार झाली, आता ती बोलू-चालू लागली. प्रस्तुत निबंधातील प्रतिपादन त्याहून वेगळे आहे. यंत्राच्या अंगी स्वायत्तता जसजशी वाढली, तसतसे 'पात्र' या अर्थाने त्याचे काही ना काही हिरावून घ्यावे लागले. आणि ज्या ठिकाणी पात्र खरोखर जिवंत भासले, तेथे बहुतांश काम खेळाडूच्या अनुमानाने केले होते.

२

या संज्ञेचा उगम संगणकात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पट, कागद, फासे आणि संभाषण यांवर चालणारा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नियमपुस्तिकेत बिगर-खेळाडू पात्रे येतात ती मुख्यतः भाडोत्री माणसे म्हणून. खेळाडूने देऊ केलेल्या मोबदल्यावर त्यांची प्रतिक्रिया काय असेल, हे दोन फाशांच्या बेरजेवरून ठरे. दोन आले तर हल्ला, बारा आले तर उत्साहपूर्ण निष्ठा, आणि सहा ते आठ या सर्वाधिक संभाव्य टप्प्यात 'अनिश्चित'. हा मधला टप्पा महत्त्वाचा आहे. 'अनिश्चित' म्हणजे काय, हे फासे सांगत नाहीत. ते खेळ चालवणारा सूत्रधार आपल्या वाणीने, आवाज बदलून, कधी कधी नुसत्या भुवया उंचावून सांगतो. म्हणजे सुरुवातीला बिगर-खेळाडू पात्रामागे एक माणूस होता. संगणकावर हा खेळ गेला तेव्हा फासे गेले, तक्ते गेले. सूत्रधार गेला नाही. त्यानंतरचा सगळा खटाटोप त्या गैरहजर माणसाची जागा भरण्याचा आहे.

दुसरा उगम आणखी आठ वर्षे मागे आहे आणि तो मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जोसेफ वायझेनबाउमने १९६६ साली 'एलायझा' नावाच्या संभाषणप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. हे नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील एलायझा डूलिटलचे. म्हणजे ज्या नायिकेला पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी'त मराठी रंगभूमीवर आणले तिचेच. वायझेनबाउमने नाव निवडले त्याचे कारण उघड होते: एलायझाप्रमाणे याही प्रणालीला अधिकाधिक चांगले बोलायला शिकवता येणार होते. नाटकातला पेच मात्र त्या नावाबरोबर आला नाही. शॉच्या नाटकात प्रश्न असा असतो की बोलणे सुधारलेल्या मुलीचे पुढे काय करायचे; ती कोणाच्या मालकीची? उच्चार शिकवणारा प्राध्यापक तिला आपली कृती समजतो, आणि ती कृती उलटून बोलते. संगणकीय एलायझा उलटून बोलत नाही. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडून, सर्वनामे फिरवून, ती त्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करते.

तिची सर्वांत प्रसिद्ध भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. ही निवड हुशारीची होती, कारण कार्ल रॉजर्सच्या पद्धतीने बोलणाऱ्या उपचारतज्ज्ञाला जगाविषयी काहीही ठाऊक नसले तरी चालते. आपण बोटीतून फिरून आलो असे रुग्णाने म्हटले आणि तज्ज्ञाने 'बोटींविषयी सांगा' म्हटले, तर त्याला बोट म्हणजे काय ते माहीत नाही असे आपण समजत नाही. त्यामागे काही हेतू असेल असे मानतो. अज्ञानाला हेतू चिकटवण्याचे काम आपण करतो. वायझेनबाउमच्या सचिवाने, प्रणाली कशी तयार झाली हे माहीत असूनही, तिच्याशी बोलताना त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितले, ही हकिकत त्याने १९७६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तिच्यामुळे तो अस्वस्थ झाला आणि उरलेले आयुष्य आपल्याच क्षेत्राचा टीकाकार म्हणून जगला. खेळांच्या कर्त्यांनी त्याची युक्ती घेतली, अस्वस्थता घेतली नाही.

३

टेक्ससमधील रिचर्ड गॅरियटची 'अल्टिमा' ही खेळमालिका १९८१ साली सुरू झाली. पहिल्या तीन खेळांत गावकरी हे माहिती देणारे फलक होते. खेळाडू त्यांना लुटत, मारत, आणि खेळ त्याबद्दल काही म्हणत नसे. गॅरियटने पुढे वारंवार सांगितल्याप्रमाणे, खेळाडूंची आणि पालकांची पत्रे त्याच्या हाती येऊ लागली तेव्हा लोक आपल्या जगात कसे वागतात हे त्याला कळले, आणि १९८५ च्या चौथ्या 'अल्टिमा'त त्याने खलनायकच काढून टाकला. या खेळात मारावयाचा कोणी दुष्ट राजा नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून खेळाडूने 'अवतार' व्हावयाचे आहे. संस्कृतातून गेलेला हा शब्द संगणकाच्या जगात रुजण्याचा हा एक आरंभबिंदू. मात्र तिकडे जाताना त्याची दिशा उलटली. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो, तेथे तो खालून वर चढतो.

या खेळातील पात्रांची यंत्रणा एलायझाहूनही दरिद्री आहे. खेळाडू एक शब्द टंकित करतो, आणि यंत्र त्याची केवळ पहिली चार अक्षरे पाहते. नाव, काम, प्रकृती हे तीन प्रश्न बहुतेक सर्वांना विचारता येतात, त्याखेरीज एखाद-दुसरा खास शब्द. इतकेच. तरीही या खेळातील एक पात्र चाळीस वर्षांनंतरही लोकांच्या आठवणीत आहे. ती आहे जडीबुटी विकणारी अंध स्त्री. खेळाडू वनस्पती घेतो, ती किंमत सांगते, आणि पैसे किती टाकायचे हे खेळाडूवर सोडते. तिला दिसत नसल्याने दहाच्या जागी एक नाणे टाकले तरी ती कृतज्ञतेने निरोप देते. यंत्र मात्र मोजत असते. खेळाडूच्या प्रामाणिकपणाचा अंक घटतो, तो त्याला दिसत नाही, आणि बऱ्याच तासांनंतर सद्गुणांची परीक्षा देताना आपण नापास का होत आहोत हे त्याला उमगत नाही.

या स्त्रीला 'जिवंत' म्हणावे काय? तिला दिनक्रम नाही, स्मृती नाही, स्वभाव नाही. फोर्स्टरने १९२७ मध्ये केलेल्या विभागणीनुसार ती सपाट पात्राहूनही सपाट ठरेल. तिच्याकडे आहे ती एक स्थिती: तिला फसवता येते. फसवले जाण्याची ही शक्यताच तिला व्यक्तीचे स्थान देते, कारण वस्तूला कोणी फसवत नाही. आणि गंमत अशी की तिचे आंधळेपण हे यंत्राच्याच आंधळेपणाचे रूपक आहे. यंत्रातील प्रत्येक दुकानदार आंधळा असतो. गॅरियटने त्यांपैकी एकीला ते कबूल करायला लावले. तांत्रिक उणीव कथेतील वस्तुस्थिती म्हणून मांडण्याची ही रीत पात्रनिर्मितीच्या दृष्टीने पुढच्या कित्येक महागड्या यंत्रणांहून सरस होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाचव्या 'अल्टिमा'पासून (१९८८) 'जिवंतपणा'ची दुसरी व्याख्या पुढे आली: दिनक्रम. गावकरी सकाळी उठतात, कामावर जातात, खाणावळीत जेवतात, रात्री झोपतात. १९९२ च्या सातव्या 'अल्टिमा'त ही व्याख्या कळसाला पोचली. त्यात खेळाडूही पीठ आणि पाणी घेऊन भट्टीत पाव भाजू शकतो; मुख्य कथानकाशी त्या पावाचा काही संबंध नसला तरी. या खेळाविषयीच्या आठवणींत कथानकापेक्षा पाव अधिक येतो, याचे समीक्षकाला आश्चर्य वाटू नये. एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीने वाचकाला जे दिले, म्हणजे कथानकाला निरुपयोगी अशा तपशिलातून येणारा वास्तवाचा आभास, तेच येथे घडते आहे. रोलाँ बार्थने फ्लोबेरच्या भिंतीवरील वायुभारमापकाबद्दल जे म्हटले ते या पावालाही लागू पडते: तो काही सुचवत नाही, 'मी वास्तव आहे' एवढेच सुचवतो. मात्र एक फरक आहे. वास्तववादी कादंबरीतील माणूस घड्याळाप्रमाणे वागू लागला तर आपण त्याला यांत्रिक म्हणतो. येथे यंत्र घड्याळाप्रमाणे वागले तेव्हा आपण त्याला माणूस म्हणालो.

४

पात्राला दिनक्रम देणे आणि त्याला इच्छा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. इच्छा देण्याचा प्रयत्न आधीच झाला होता, आणि तो ज्या रीतीने फसला ती रीत उद्बोधक आहे. येल विद्यापीठात जेम्स मीहानने १९७६ च्या प्रबंधासाठी 'टेल-स्पिन' ही कथारचना करणारी प्रणाली लिहिली. तिच्यातील प्राण्यांना तहान-भूक होती आणि ती भागवण्याच्या योजना ते आखत. एका प्रसिद्ध फसलेल्या कथेत मुंगी नदीत पडते आणि बुडते मात्र गुरुत्वाकर्षण. कारण पडण्याची क्रिया घडवणारा कर्ता म्हणून प्रणालीने गुरुत्वाकर्षणालाही नदीत नेले. आणि त्याला ना पाय, ना पंख, ना वाचवायला येणारे मित्र. कर्ता असणे म्हणजे पात्र असणे, ही संरचनावादी भूमिका तंतोतंत पाळली तर काय होते, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे व्हेरोनिका मेग्लर आणि फिलिप मिचेल यांनी १९८२ साली 'द हॉबिट' हा शब्दप्रधान खेळ केला. त्यातील पात्रे खेळाडूची वाट पाहत बसत नसत. खेळाडूने काही केले नाही तरी ती फिरत, भांडत, प्रसंगी खेळाडूच्या अपरोक्ष मरत. आणि ज्याच्यावाचून खेळ पुढे जाणार नाही असे पात्र मेले तर खेळ जिंकणे अशक्य होई. थोरिन हा बुटका सरदार तर संकटाच्या ऐन प्रसंगी खाली बसून सोन्याविषयी गाऊ लागे. हा विक्षेप कमालीचा लोकप्रिय झाला. खेळाडूंनी त्यात लोभ वाचला, म्हातारपण वाचले, हट्टीपणा वाचला. प्रणालीत यांपैकी काही नव्हते. अधूनमधून करावयाच्या क्रियांच्या यादीतील ती एक क्रिया होती.

५

'द हॉबिट'मधील ती अडचण, म्हणजे आवश्यक पात्र परस्पर मरणे, चोवीस वर्षांनी फार मोठ्या प्रमाणावर परतली. अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेचा 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील चौथा खेळ 'ऑब्लिव्हियन' मार्च २००६ मध्ये आला. त्यात हजाराहून अधिक पात्रे होती, आणि त्यांच्यासाठी 'रेडियंट एआय' नावाची यंत्रणा होती. २००५ साली तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले तेव्हा 'जिवंतपणा'च्या आश्वासनाचा तो परमोच्च बिंदू होता. तत्त्व साधे होते. पात्राला काय करावयाचे तेवढे सांगायचे. कसे करावयाचे ते त्याने ठरवायचे. 'दुपारी जेव' एवढीच आज्ञा. घरात अन्न असेल तर ते खाईल, नसेल तर विकत घेईल, आणि त्याच्या 'जबाबदारी' नावाच्या गुणाचा अंक कमी असेल तर चोरील. स्वभाव असा अंकांत लिहिलेला: आक्रमकता, आत्मविश्वास, जबाबदारी.

परिणाम काय झाले ते विकसकांनीच त्या काळी सांगितले. एका चाचणीत पाने गोळा करण्याचे काम असलेल्याला झाडू दिला आणि वाट झाडणाऱ्याला दाताळे. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला ठार मारून योग्य ते अवजार मिळवले. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या पात्रांनी, माल संपल्यावर, तो विकणाऱ्यालाच मारले; खेळाडूला पुढे ज्याची गरज होती तो माणूस नाहीसा झाला. या हकिकती विनोद म्हणून सांगितल्या जातात. त्यांत एक गंभीर गोष्ट आहे. या पात्रांचे वर्तन त्यांच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध होते. दाताळे हवे, ते याच्याकडे आहे, तो देत नाही. त्यांना उद्दिष्टे होती, साधने होती. लाज नव्हती, लोक काय म्हणतील ही भीती नव्हती, उद्या याच माणसाशी गाठ आहे ही जाणीव नव्हती. ज्याला आपण शील म्हणतो ते उद्दिष्टांच्या यादीत नसते, दोन उद्दिष्टांच्या मधल्या संकोचात असते.

प्रसिद्धीपूर्वी या यंत्रणेचे पंख छाटण्यात आले. पण माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण उपाय वेगळाच होता. आधीच्या, २००२ च्या 'मॉरोविंड' या खेळात पात्रे स्थिर असत. बहुतेक जण रात्रंदिवस एकाच जागी उभे. मात्र त्यांतल्या कोणालाही मारता येई. कथानकाला आवश्यक असलेला माणूस मारला गेला तर खेळ खेळाडूला बजावी की भाकिताचा धागा तुटला आहे. मागे जा, अथवा या विद्रूप झालेल्या जगात राहा. 'ऑब्लिव्हियन'मध्ये पात्रे हिंडू-फिरू लागली. वाटेत लांडगा भेटला तर मरू शकतील, हा धोका आला. म्हणून कथेला आवश्यक असलेल्या पात्रांना अमरत्व देण्यात आले: मार बसला की ती कोसळतात, थोड्या वेळाने उठून उभी राहतात. स्थिर पात्रे मर्त्य होती; चालती-फिरती झाली आणि त्यांतल्या महत्त्वाच्या पात्रांचे मरण काढून घेतले गेले. 'जिवंतपणा'साठी दिलेली ही किंमत विलक्षण आहे, आणि ती द्यावी लागली याचे कारण तांत्रिक नव्हे, वाङ्मयीन आहे. कथानक आणि स्वायत्तता एकाच वेळी पूर्णांशाने देता येत नाहीत. ज्या पात्रावर कथा टेकलेली आहे त्याला कथेबाहेर जाऊन मरण्याची मुभा कथा देऊ शकत नाही.

या खेळातील संभाषणांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन गावकरी रस्त्यात भेटत, सामायिक साठ्यातील वाक्ये एकमेकांवर टाकत, आणि अचानक निघून जात. भिकारी भीक मागताना एका आवाजात आणि अफवा सांगताना दुसऱ्या आवाजात बोले, कारण ध्वनिमुद्रणे वेगळ्या नटांची होती. त्या संवादांचे विडंबन हा पुढे एक स्वतंत्र विनोदप्रकारच झाला.

६

मग जिवंतपणा भासतो तो कोठून? येथे आपल्या परंपरेतील एका उपपत्तीचा आधार घेणे मला आवश्यक वाटते. केवळ अभिमानापोटी नव्हे, तर प्रश्न तिने अधिक नेमका मांडला आहे म्हणून. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकाने अनुमितिवाद मांडला. त्याचा ग्रंथ उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने केलेल्या खंडनातून आणि मम्मटाने दिलेल्या सारांशातून तो आपल्याला कळतो. नट पाहून 'हा राम' अशी जी प्रतीती होते ती सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशयरूप नाही आणि सादृश्यरूपही नाही. ती चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' म्हणावे तशी आहे. चित्रातला घोडा पाहणारा फसलेला नसतो. त्यावर बसू जात नाही. तरी तो 'रंग' म्हणत नाही, 'घोडा'च म्हणतो. आणि नटाच्या ठायी प्रत्यक्ष नसलेला स्थायिभाव तो कृत्रिम लिंगांवरून अनुमानाने जाणतो.

२००५ च्या 'फिअर' या खेळाची रचना जणू शंकुकाला प्रमाण मानून झाली असावी. हा भूमिकाप्रधान खेळ नव्हे, युद्धखेळ आहे. पण त्यातील शत्रुसैनिक त्या काळी सर्वांत बुद्धिमान मानले गेले. जेफ ऑर्किनने त्यांच्यासाठी १९७१ च्या स्टॅनफर्डमधील नियोजनतंत्राचा आधार घेतला होता आणि २००६ साली आपली पद्धत खुलेपणाने मांडली. त्यातील सर्वांत बोलका तपशील नियोजनाचा नाही, बोलण्याचा आहे. सैनिक एकमेकांना ओरडून सांगतात, त्यामुळे त्यांच्यात संगनमत आहे असे खेळाडूला वाटते. तुकडीतला शेवटचा उरलेला सैनिक कुमक मागवतो; कुमक मागवण्याची कोणतीही यंत्रणा खेळात नाही. खेळाडू पुढे जातो, तेथे ठरल्याप्रमाणे आणखी सैनिक भेटतात, आणि हीच ती कुमक असे तो समजतो. कारण आणि कार्य यांच्यातली गाठ त्याने स्वतः मारलेली असते.

शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेपही येथे तितकाच उपयोगी आहे. हे अनुकरण कोणाच्या दृष्टीने, असे त्याने विचारले: प्रेक्षकाच्या, नटाच्या, व्याख्यात्याच्या, की खुद्द भरतमुनीच्या? चारही दृष्टींनी ते टिकत नाही असे त्याने दाखवले. बिगर-खेळाडू पात्राच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला की इतिहासातील गोंधळ उलगडू लागतो. 'ऑब्लिव्हियन'ची पात्रे कर्त्याच्या दृष्टीने जिवंत होती. त्याला त्यांचे अंक, योजना, निर्णय दिसत होते. खेळाडूला दिसला एक माणूस, जो उगीचच दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला. 'फिअर'चे सैनिक कर्त्याच्या दृष्टीने बरेच साधे आणि खेळाडूच्या दृष्टीने धूर्त. आणि नटाची दृष्टी? नाटकात ती होती. पटावरच्या खेळातील सूत्रधाराकडेही होती. येथे त्या जागी कोणी नाही. रंगभूमीवरील रसचर्चा या क्षेत्रास लावताना हा फरक विसरून चालणार नाही.

'ओझ प्रकल्प' या नावाने कार्नेगी मेलन विद्यापीठात जोसेफ बेट्सने १९९० च्या दशकात जे काम केले, त्याला हे सर्व ठाऊक होते असे दिसते. त्याने 'बुद्धिमान' हा शब्द बाजूला ठेवून 'विश्वसनीय' हा शब्द घेतला, आणि आदर्श म्हणून तर्कशास्त्रज्ञांऐवजी डिस्नेच्या व्यंगचित्रपटकारांकडे पाहिले. त्या परंपरेतून मायकेल मटीस आणि अँड्र्यू स्टर्न यांची 'फसाड' ही २००५ ची एकांकिकासदृश कृती निघाली: एक जोडपे, एक दिवाणखाना, वीसेक मिनिटे, आणि पाहुणा म्हणून खेळाडू. त्यासाठी पाच वर्षे लागली. व्यवसायाने तो मार्ग धरला नाही.

७

व्यवसायाने धरलेला मार्ग स्मृतीचा होता. मोनोलिथ या, 'फिअर' करणाऱ्याच संस्थेने २०१४ साली 'शॅडो ऑफ मॉर्डोर'मध्ये अशी व्यवस्था केली की खेळाडूला मारणारा सामान्य सैनिक बढती मिळवतो, नाव मिळवतो, आणि पुन्हा भेटल्यावर मागच्या भेटीची आठवण काढून हिणवतो. अनामिक पात्राला नाव मिळण्याची ही कल्पना या इतिहासातील खरोखर मौलिक कल्पनांपैकी एक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला तिचे एकस्व मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या कंपनीने मोनोलिथ बंद केली. सूड लक्षात ठेवणाऱ्या पात्राची रीत कायद्याने एका मालकाच्या हाती आहे आणि ती घडवणारे घर मोडले आहे. फुलराणी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न येथे वकिलांनी सोडवला.

२०२३ साली स्टॅनफर्ड आणि गूगल येथील संशोधकांनी 'स्मॉलव्हिल' नावाच्या लहानशा चित्रगावात पंचवीस पात्रे सोडली. त्यांच्यामागे अंकांची यादी नव्हती, प्रचंड लेखनसंभारावर शिकवलेले भाषाप्रारूप होते. प्रत्येक पात्राचे अनुभव वाक्यरूपाने साठत, त्यांतून ते निष्कर्ष काढी आणि दिवसाची आखणी करी. खेळातील दोन दिवस चालवण्यास हजारो डॉलर खर्च आला. मूल्यमापन करणाऱ्यांना, माणसांनी या पात्रांच्या वतीने लिहिलेल्या उत्तरांपेक्षा यंत्राची उत्तरे अधिक विश्वसनीय वाटली. हा निष्कर्ष 'जिवंत' या शब्दाच्या वापरकर्त्यांनी शांतपणे वाचण्याजोगा आहे.

संशोधकांनी नोंदवलेल्या उणिवा त्याहून बोलक्या आहेत. एका माणसापुरत्या स्नानगृहात अनेक जण शिरले, कारण तो नियम भाषेत लिहिलेला नव्हता. एक पत्नी आपल्या पतीशी बोलताना परक्या गृहस्थाशी बोलावे तशी औपचारिक विचारपूस करी. क्षेमेंद्राने याला अनौचित्य म्हटले असते, आणि ते नेमके ठरले असते: शब्द निर्दोष, अर्थ निर्दोष, नाते चुकलेले. वायझेनबाउमची एलायझा जगाविषयी काहीच जाणत नव्हती आणि मौनाच्या युक्तीने निभावून नेत होती. या पात्रांना जगाविषयी छापले गेलेले बरेच काही ठाऊक आहे. घरात कसे बोलतात तेवढे छापलेले नसते.

याच गावात एका पात्राच्या मनात संशोधकांनी मेजवानी देण्याचा हेतू पेरला होता. तिने बारा जणांना निमंत्रण दिले आणि पाच जण आले, याला पुष्कळ प्रसिद्धी मिळाली. न आलेल्या सातांची हकिकत मात्र कमी सांगितली जाते. तिघांनी अडचणी कळवल्या. उरलेल्या चौघांनी येण्याची उत्सुकता दाखवली होती आणि त्या दिवशीच्या आपल्या आखणीत मेजवानीचा उल्लेखही केला नाही. प्रणालीच्या दृष्टीने ती बहुधा स्मृतीतून योग्य वाक्य योग्य वेळी वर न येण्याची चूक असेल. वाचकाच्या दृष्टीने त्या पंचवीसांतले हे चौघे ओळखीचे आहेत. 'येतो' म्हणून न येणारी माणसे त्याने पाहिलेली असतात, आणि त्यांच्या न येण्यामागे काय असते ते तो चटकन पुरवतो.